प्रागमध्ये 400 युरो दिले आणि हंगेरीच्या दहा नोटा घेतल्या

“रस्त्यावर कुणी पैसे बदलतं का?” हा प्रश्न मला बायकोनं, मुलीनं, तिथल्या पोलिसानं आणि विमा कंपनीतल्या पोरानं विचारून झालाय. तुम्ही विचारू नका. आधी ऐका.

जून 2025. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असा बारा दिवसांचा बेत, आम्ही दोघंच, टूर कंपनी नाही. मुंबईच्या पावसात विमान चार तास अडकलं, आखातात पुढचं विमान चुकलं, तिथं अकरा तास खुर्चीवर काढले आणि रात्री साडेनऊला प्रागला उतरलो तर बॅगा आल्याच नाहीत. परदेशी चलन भरलेलं फॉरेक्स कार्ड बॅगेत. हो, कळतंय मला. पण मुंबईत हातातली बॅग जड झाली म्हणून काउंटरवरच्या मुलीनं ऐन वेळी सामान इकडचं तिकडं करायला लावलं, त्या घाईत कार्डाचं पाकीट मोठ्या बॅगेत गेलं. मुद्दाम कुणी ठेवतं का?

खिशात बँकेचं डेबिट कार्ड होतं. पण आपल्याकडे 2020 पासून कार्डाचा परदेशातला वापर मुळात बंदच असतो, आपण चालू करायचा असतो. तो मी केला नव्हता. तिथून करायला जावं तर ओटीपी येणार सिमवर आणि सिमला रोमिंग नाही. निघण्याआधी घरी बसून चालू करा. मर्यादा कमी ठेवा, पण चालू करा. प्रागमध्ये ट्रॅमचं तिकीटसुद्धा कार्ड टेकवून निघतं, रोख लागतच नाही म्हटलं तरी चालेल. मला लागली, कारण माझ्याकडे फक्त रोख युरो होते.

विमानतळावरच्या पैसे बदलायच्या दुकानात एका युरोला एकोणीस कोरुना (तिथलं चेक चलन) आणि वर चिल्लर असा भाव. बाजारात पंचवीसच्या आसपास. मी तिथं फक्त 20 युरो मोडले आणि आपण किती हुशार म्हणत 59 नंबरच्या ट्रॉलीबसनं, मग मेट्रोनं हॉटेल गाठलं. त्या वीस युरोंतून उरलेली 200 कोरुनांची एक अस्सल नोट पाकिटात होती. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाक्लाव चौकात पैसे बदलायचं दुकान शोधलं. दारातच एक गृहस्थ. पन्नाशीचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. “आत जाऊ नका, कापतात. मी सव्वीसनं देतो, कमिशन नाही.” आदल्या रात्री मी स्वतः पाहिलेलंच तो बोलत होता, म्हणून पटलं. कॅल्क्युलेटरवर 400 गुणिले 26, म्हणजे 10,400. वरती 200 च्या दोन नोटा, खाली हजाराच्या दहा. भराभर मोजल्या, दुमडल्या, माझ्या मुठीत कोंबल्या, “पोलीस” असं पुटपुटला आणि गेला.

इथंच. इथंच कळायला हवं होतं. बाजारभाव पंचवीस असताना रस्त्यावरचा माणूस मला सव्वीस का देईल? मी सोसायटीचा खजिनदार आहे, दहा रुपयांच्या झेरॉक्सचं व्हाउचर मागतो, लोक माझ्यावर हसतात. आणि मी ‘पोलीस’ ऐकून नोटा न उलगडता खिशात घातल्या! हजाराच्या नोटेवर रोमन अक्षरांत ‘फोरिंट’, म्हणजे हंगेरीचं चलन, लिहिलेलं होतं. वर ‘माग्यार’, म्हणजे हंगेरीचं. पाकिटातली अस्सल नोट काढून शेजारी धरली असती तर दोन बँकांची दोन नावं दिसली असती. खऱ्या हजार कोरुनांवर फ्रांतिशेक पालात्स्की हे इतिहासकार असतात, माझ्या हातातल्या नोटेवरच्यासारखा राजा नाही. पण मी तोवर ती नोट पाहिली होती कुठं? बरं, आम्ही आठवड्यानं बुडापेस्टलाच जाणार होतो, तिथल्या नोटा ओळखायचे व्हिडिओ पाहून ठेवले होते. ते प्रागमध्ये आठवायचं कसं?

कळलं कपड्यांच्या दुकानात. बॅगा नाहीत म्हणून बनियन, टॉवेल, हिचा एक कुर्त्यासारखा सदरा, बिल 1,480. काउंटरवरच्या बाईंनी नोटा परत सरकवल्या आणि म्हणाल्या, “हंगेरी.” मागे सहा माणसांची रांग. सगळे कपडे तिथंच ठेवून बाहेर पडलो.

तेव्हा हजार फोरिंट म्हणजे अडीच युरो. दहा नोटांचे 25, वरच्या दोन खऱ्या नोटांचे 16. गेले 359 युरो. मी 101 रुपये 20 पैशांनी घेतले होते, म्हणजे 36,330 रुपये.

आता चीड आणणारी गोष्ट. चेक कायद्यात 2019 पासून सोय आहे: परवाना असलेल्या दुकानात 1,000 युरोंपर्यंत बदललेले पैसे तीन तासांत पावती दाखवून परत मिळतात. मी दुकानाच्या आत गेलो असतो आणि भाव वाईट मिळाला असता, तरी सुटलो असतो. रस्त्यावर पावती कसली! परत जाऊन विचारलं तर पैसे बदलायच्या दुकानातल्या मुलीनं खांदे उडवले. दिवसभर तो माणूस तिच्याच दारात उभा असतो आणि हिला माहीत नाही?

पोलीस चौकीत दोन तास बसवलं. दुभाषा येणार होता, आला नाही. शेवटी एक तरुण अधिकारी इंग्रजीत म्हणाला, नोटा खोट्या नाहीत, हंगेरीच्या खऱ्याच आहेत. म्हणजे मी आभार मानायचे की काय? तुम्ही स्वखुशीनं दिलेत ना, हेही विचारलं. चौकात कॅमेरे दिसत होते, ते बघा म्हटलं तर “नोंद घेतली आहे”. हातात चेक भाषेतला एक कागद. तोही भांडून मिळवला, तुम्हीही कागद घेतल्याशिवाय उठू नका.

पुण्यात आल्यावर विमा कंपनी. चोरी असेल तर बघू, फसवणूक पॉलिसीत बसत नाही. तरी अर्ज करा, कागदाचं प्रमाणित भाषांतर जोडा. भाषांतरकाराचा आकडा 4,500 रुपये, जे मिळणारच नाहीत त्यांच्यासाठी! पॉलिसी घेताना हा मुलगा दिवसाला चार फोन करत होता.

बॅगा तिसऱ्या दिवशी आल्या. विमानतळावरच पीआयआर, म्हणजे सामान न आल्याची नोंद, लिहून घेतला होता, एवढं एक शहाणपण. सामान उशिरा आल्याचा दावा ते हातात पडल्यापासून 21 दिवसांत लेखी करावा लागतो, तो केला. टॉवेल-बनियनच्या पावत्या मागताहेत. त्या दिवशीचे कपडे काउंटरवरच राहिले, पावती कुठून आणू?

बुडापेस्टला त्या दहा नोटा चालल्या. हिनं पर्समधून एकेक काढून, दोन्ही बाजूंनी उलटून बघत जेवणाचं बिल दिलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.