निम्म्या बिलात अख्खी खोली गरम करणारा हीटर

निफाडची थंडी नाशिककरांना नव्याने सांगायला नको. पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि घरात माणसं गोधड्यांत शिरतात. आईचे गुडघे या दिवसांत फार आखडतात, म्हणून तिने मोबाइलवर आलेली जाहिरात बघून हीटर मागवला. ‘२००० वॅट, दोन मिनिटांत खोली गरम, वीजबिल निम्मं!’ ४,९९९ वर काट मारून १,४९९ रुपये, आणि खाली ऑफर संपत आल्याचं उलटं धावणारं घड्याळ. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे, त्यामुळे फसायला जागाच नाही असं वाटतं. गोम तिथेच आहे. पार्सलवाला पैसे घेतल्याशिवाय खोका उघडू देत नाही.

आतून निघाला तो वीतभर उंचीचा पंखेवाला डबा. हाताशी धरला तर कोमट वारा, दोन हात लांब बसलं तर काही नाही. आईने आठवडाभर तसाच चालवला, पैसे दिलेत म्हणून. मग एका रात्री पंखा अडकला, कॉइल लाल होत गेली आणि जाळीभोवतीचं प्लॅस्टिक वितळल्याचा वास सुटला. नशीब ती जागी होती.

गल्लीतल्या वायरमनने पंखा मोकळा करून तोच डबा पुन्हा चालू केला आणि वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. १.७ अँपिअर. “काकू, हा दोन हजार वॅटचा नाही, चारशेचा पण धड नाही,” तो म्हणाला. हिशेब सोपा आहे: २३० व्होल्टवर २००० वॅटला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे आईने १,४९९ रुपये देऊन खोलीत चार न बोलणारे पाहुणे बसवले होते.

मग त्याने प्लग उघडला. पिना तीन, वायरी दोनच! अर्थिंगची पिन नुसती शोभेला, आणि जाळी मात्र लोखंडी, म्हणजे शॉकची भीती. जास्त तापल्यावर आपोआप बंद करणारा कटआउट आत कुठेच नव्हता, खोक्यावर मात्र त्याचं चित्र छापलेलं. वायर इतकी बारीक की खरोखर २००० वॅट ओढले असते तर तीच आधी पेटली असती. म्हणजे वॅटचं खोटं बोलले म्हणून घर वाचलं.

‘निम्मं बिल’ ही तर शुद्ध थाप. एक युनिट विजेतून जेवढी उष्णता मिळायची तेवढीच मिळते, हीटर दोन हजार रुपयांचा असो वा दहा हजारांचा.

खोक्यावर आयएसआयचा शिक्काही होता. रूम हीटरला तो सक्तीचा आहे, पण खऱ्या शिक्क्याच्या वर आयएस (भारतीय मानकाचा) क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. इथे खाली कोरं. परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, माल कोणता आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं. नवा हीटर आम्ही दुकानातून घेतला, काउंटरवरच क्रमांक तपासून आणि पक्कं बिल घेऊन. दुकानदाराचं तोंड जरा वाकडं झालं, होऊ दे.

हा नवा हीटर खराच जास्त करंट ओढतो, म्हणून १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावतो. एक्स्टेंशन बोर्डावर बिलकुल नाही. गादी, पडदे तीन फूट लांब. हीटरवर ओले मोजे वाळत घालायचे नाहीत, यावरून आईशी रोज वाद होतो. झोपण्याआधी बंद.

विक्रेत्याचा नंबर पहिल्या तक्रारीनंतर लागेनासा झाला. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त पोचवतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पार्सलवरचं लेबल आणि पैसे दिल्याचा पुरावा जवळ ठेवला होता म्हणून नोंदवताना अडलं नाही. पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरात मात्र परवा पुन्हा दिसली, व्हिडिओ तोच, कंपनीचं नाव दुसरं, किंमत १,२९९.