अडचणीतला ऑइल फिल्टर: कप, पंजा, पट्टा की साखळी?

ऑइल फिल्टर काढायचा पाना विकत घ्यायच्या आधी, इंजिन थंड असताना, फिल्टरभोवती बोटं फिरवून बघा. फिल्टरच्या बंद टोकासमोर किती बोटं मावतात आणि त्याच्या अंगालगत किती मावतात, ही दोन मापं मिळाली की हत्याराची निवड जवळजवळ झालीच. टोकासमोर चार बोटं आडवी बसत असतील तर कप. टोक एखाद्या पाइपला किंवा क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला) टेकायला आलं असेल, पण बाजूने बोट सरकत असेल, तर पट्टा. दोन्हीकडे ऐसपैस जागा असेल तर पंजा. आणि दोन्हीकडून कोंडी असेल, तर आधी गाडीचं काय काय काढता येतं ते बघावं लागतं.

इंदूरमध्ये घरी ऑइल बदलणारे बहुतेक जण अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, फरशीवर पुठ्ठा टाकून काम करतात. गॅरेजसारखी गाडी डोक्यावर उचलता येत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये मिस्त्री एका झटक्यात काढतो तो फिल्टर घरी अडून बसतो. मिस्त्री फिल्टरखाली सरळ उभा असतो, तुम्ही कोपर दुमडून आडवे पडलेले असता. हा फरक लक्षात ठेवूनच खालची तुलना वाचा.

कप

कप म्हणजे फिल्टरच्या टोकावर बसणारी टोपी. तिच्या आतल्या खाचा फिल्टरच्या कंगोऱ्यांत बसतात आणि मागच्या चौकोनी भोकात रॅचेट (मागेपुढे हलवून फिरवायची मूठ) किंवा एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारा दांडा) लागतं. अडचणीच्या जागेसाठी आमची पहिली पसंती हीच. कारण हाताला फिल्टरपर्यंत जावंच लागत नाही. तीन सूत (3/8 इंच) चौकोनाचं, सहा ते दहा इंची एक्स्टेन्शन लावलं की रॅचेट मोकळ्या जागेत येतं आणि हात एग्झॉस्टच्या गरम पाइपपासून लांब राहतो.

त्याची एकच अट आहे, पण ती कडक आहे: माप तंतोतंत हवं. लहान पेट्रोल गाड्यांच्या कितीतरी फिल्टरांना 65 मिमीच्या आसपासचा, 14 कंगोऱ्यांचा कप चालतो, पण त्यावर विसंबून खरेदी करू नका. एकाच गाडीला बसणाऱ्या दोन कंपन्यांच्या फिल्टरांचे कंगोरे वेगळे असू शकतात. सियागंजात हत्यारांच्या दुकानात जाताना नवा फिल्टर खिशात घालून न्या आणि कप त्यावर बसवूनच घ्या. गाडीवर आत्ता कुठला फिल्टर आहे, तो कुठल्या कंपनीचा, हे मोबाइलचा कॅमेरा खालून सरकवून फोटो काढून बघा. तो वेगळा असेल तर त्याचे कंगोरे फोटोतच मोजा. नुसतं ‘फिल्टर पाना द्या’ म्हणू नका, मिमी आणि कंगोरे सांगा.

कप मिलिमीटरभर सैल असेल तर तो कंगोऱ्यांवरून घसरतो, आणि दोनदा घसरला की कंगोरे गुळगुळीत होतात. मग योग्य मापाचा कपही पकडत नाही. किंचित सैल कपात पॉलिश पेपरची पट्टी खरबरीत बाजू फिल्टरकडे करून घातली की बहुधा काम होतं. त्याआधी फिल्टर ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा. तेलकट पत्र्यावर काहीच पकड घेत नाही.

पंजा

तीन दात्यांचा पंजा जितका जोराने फिरवाल तितका आवळत जातो. साधारण 60 ते 100 मिमीच्या फिल्टरांना एकच पंजा पुरतो, म्हणून घरात दोन गाड्या असतील तर कपांच्या संचापेक्षा तो स्वस्त पडतो. कंगोरे झिजले असले तरी त्याला फरक पडत नाही.

अडचण जागेची. पंजाला टोकासमोर कपापेक्षा जास्त जागा लागते, कारण त्याच्या आतल्या गिअरची उंची मध्ये येते. शिवाय दाते फिल्टरच्या सर्व बाजूंनी उतरायला हवेत. एका अंगाला इंजिनाचा ब्लॉक (मुख्य धातूचं अंग) चिकटून असेल तर तिसरा दाता अडतो आणि पंजा तिरका बसतो. तिरका पंजा पत्रा चेपतो. फिल्टर तसाही फेकायचा असतो, त्यामुळे थोडा चेपला तरी बिघडत नाही, पण चेपलेल्या फिल्टरवर नंतर कप बसत नाही. म्हणून क्रम हा: आधी कप, तो हरला तर पंजा. उलट क्रम लावू नका.

पट्टा आणि साखळी

ही दोन्ही हत्यारं फिल्टरला टोकाऐवजी बाजूने पकडतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे.

कापडी किंवा नायलॉनच्या पट्ट्याला फिल्टरच्या अंगालगत काही मिलिमीटर फट पुरते. पट्टा त्या फटीतून ओवायचा, दांडी एका बाजूला घट्ट धरायची आणि एक्स्टेन्शनने फिरवायचं. तेल लागलं की तो सरकतो, म्हणून पट्टा आणि फिल्टर दोन्ही कोरडे हवेत. पट्टा फिल्टरच्या बुडाशी, म्हणजे इंजिनाकडच्या टोकाशी चढवा. तिथे आत जाड तबकडी असते, पत्रा दबत नाही. मधोमध बांधला तर डबा पिळवटतो आणि आटे जागचे हलत नाहीत.

साखळीची पकड सर्वांत जबर, पण अडचणीच्या जागेत ती आम्ही सुचवत नाही. तिचा दांडा फिरायला मोठा कंस लागतो आणि तेवढी जागा असती तर साखळीची वेळच आली नसती. शिवाय ती पातळ पत्रा कापते. ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे मोठे फिल्टर, जिथे बाजूला भरपूर मोकळं आहे, तिथे ती चांगली.

मोठ्या जबड्याचा फिल्टर प्लायर या दोघांच्या मधला. टोकाकडून सरळ आत घालता येत असेल तर उपयोगी, पण हात पूर्ण उघडायला जागा हवी.

पेचकस आरपार

फिल्टरमध्ये पेचकस ठोकून तो दांड्यासारखा फिरवायचा, हा सल्ला सर्रास मिळतो. आमच्या मते हा शेवटचा उपाय, आणि तोही गाडी आज चालवायची गरज नसेल तरच. भोक पडलं की इंजिन सुरू करता येत नाही. तेल बाहेर येईल. फिल्टर खरोखरच चिकटलेला असेल तर पत्रा कागदासारखा फाटत जातो आणि बुडाची तबकडी तेवढी ब्लॉकला चिकटून राहते. मग छिन्नीने तिची कड ठोकत ठोकत काढावी लागते. त्यात ब्लॉकच्या घासलेल्या सपाट पृष्ठावर ओरखडा पडला तर नवा फिल्टर कायम पाझरतो.

फिल्टर का अडतो?

कारण बहुधा मागच्या वेळचंच असतं. रबरी रिंगला तेल न लावता कोरडीच बसवलेली असते, किंवा फिल्टर पान्याने आवळलेला असतो. हजारो किलोमीटर गरम-गार होताना रिंग चपटी होऊन धातूला चिकटते. त्यात दिशा चुकली की आपणच तो आणखी आवळतो. फिल्टरच्या बंद टोकाकडे तोंड करून बघितलं की घड्याळाच्या उलट फिरवल्यावर तो सुटतो. पण फिल्टर खाली लोंबतोय आणि तुम्ही बॉनेटमधून, वरून हात घालताय, तर तुम्हाला त्याची इंजिनाकडची बाजू दिसते. तिकडून तीच फिरकी घड्याळाच्या दिशेने दिसते. इथे पुष्कळ जण फसतात. नव्या फिल्टरवर बंद टोकाच्या बाजूने मार्करने बाण काढा आणि तो आहे त्या स्थितीत धरून एकदा दिशा पाहून घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ऑइल खाली सोडण्याआधी फिल्टर हलतोय का ते तपासा. पाना बसवा आणि जरासा सैल होतो का बघा. हलला तर लगेच ड्रेन प्लग (ऑइल खाली सोडायचा बोल्ट) उघडून काम पुढे न्या. तसूभरही हलला नाही तर इंजिनात ऑइल अजून आहे, फिल्टर शाबूत आहे, गाडी चालवत गॅरेजला नेता येते. आधी ऑइल सोडून बसलात तर गाडी जागची हलवता येत नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोमट रिंग मऊ सुटते आणि ऑइलही पातळ वाहतं. इंदूरच्या मे महिन्यात उन्हात उभी गाडी तशीच तापलेली असते, तेव्हा सकाळी लवकर हात घाला. एग्झॉस्ट शेजारी असेल तर कोपरापर्यंतचे हातमोजे घाला.

वरून, खालून की चाकाच्या पोकळीतून?

हत्यार बदलण्याआधी वाट बदलून बघा. कितीतरी गाड्यांत पुढचं चाक काढून आतलं प्लॅस्टिकचं कव्हर बाजूला केलं की फिल्टर समोर येतो. कव्हरच्या क्लिपचा मधला खिळा आधी वर काढायचा, मग क्लिप सुटते. जोराने ओढली तर ती तुटते, म्हणून दोन-चार जास्तीच्या क्लिप आणून ठेवा. वरून जायचं असेल तर एअर फिल्टरचा डबा काढल्याने बऱ्याचदा वीतभर जागा मिळते. खालून जायचं असेल तर गाडी जॅक स्टँडवर, म्हणजे घोडीवर, सपाट पक्क्या जमिनीवर हवी. मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालू नका.

आडव्या बसलेल्या फिल्टरमधलं तेल सुटताना मनगटावरून कोपराकडे ओघळतं आणि ॲक्सलच्या रबरी बुटावर (सांध्यावरच्या आवरणावर) किंवा एग्झॉस्टवर पडतं. एग्झॉस्टवर पडलेल्या तेलाचा नंतर धूर होतो. जुना प्लॅस्टिकचा कॅन उभा चिरून त्याची पन्हळ करा आणि ती फिल्टरखाली सरकवा. फिल्टर हाताने फिरायला लागला की त्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि शेवटचे दोन-तीन वळसे पिशवीतूनच फिरवा. सुटला की तो पिशवीतच पडतो.

काही इंजिनांत पत्र्याचा डबा नसतो. प्लॅस्टिकच्या टोपणाखाली कागदी फिल्टर असतो. तिथे पंजा, पट्टा, साखळी काहीच वापरू नका, टोपण तडकतं. टोपणाच्या मापाचा कप किंवा टोपणावरच्या षटकोनाचा सॉकेट घ्या. आवळायचं माप पुष्कळदा टोपणावरच लिहिलेलं असतं, ते टॉर्क पान्याने पाळा, आणि टोपणाची रिंग दर वेळी नवी घाला.

बसवताना

जुना फिल्टर हातात आला की सगळ्यांत आधी त्याच्यावर रबरी रिंग आहे का बघा. नसेल तर ती ब्लॉकला चिकटलेली आहे. बोटाचं टोक बैठकीवरून पूर्ण गोल फिरवा, डोळ्याला न दिसणारी रिंग बोटाला लागते. जुन्या रिंगवर नवा फिल्टर बसवला तर इंजिन सुरू होताच दोन रिंगांमधून ऑइल दाबाने उडतं आणि बघता बघता खाली थारोळं साचतं.

नव्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा. फिल्टर हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या, मग त्याच्या खोक्यावर लिहिलेला वळसा द्या, सहसा पाऊण. बाणाशेजारी मार्करने एक टिंब केलं की पाऊण वळसा डोळ्याने मोजता येतो. पान्याने आवळू नका. हाताला जागा नसेल तर कप आणि एक्स्टेन्शन घ्या, पण रॅचेट न लावता एक्स्टेन्शन बोटांनीच फिरवा. ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. ऑइल मॅन्युअलमधल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओतून इंजिन मिनिटभर चालवा. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा आणि उरलेलं घाला. मग बॅटरीच्या उजेडात फिल्टरच्या कडेवरून पांढरा टिश्यू फिरवा, पाझर असेल तर तो लगेच दिसतो.

जुनं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. नाल्यात ओतलेलं ऑइल कान्ह नदीत आणि तिथून क्षिप्रेत जातं. फिल्टर रात्रभर पालथा ठेवला तर त्यातलंही बरंच ऑइल निथळतं.

मग घ्यावं काय?

एकच गाडी, एकच कंपनीचा फिल्टर: बरोबर मापाचा कप, तीन सुती रॅचेट, लांब एक्स्टेन्शन. दोन-तीन गाड्या: त्यात पंजाची भर. टोक अडलेलं: पट्टा. आणि पहिल्याच वेळी, आधीच्या कुणीतरी पान्याने आवळलेला फिल्टर असेल, जॅक स्टँड नसतील, तर ही एक सर्व्हिस गॅरेजमध्ये करून घ्या. तिथे उभं राहून फिल्टर हातानेच आवळायला सांगा. आपला बरोबर मापाचा कप घेऊन पुढची सर्व्हिस घरी करा. नव्या फिल्टरच्या टोकावर मार्करने तारीख, किलोमीटर आणि कपाचं माप लिहून ठेवा.