हुरडा केंद्र की गावातला मुक्काम?

वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण पाहुणा लेणी बघतो आणि निघतो. आसपासच्या गावांनी त्याला थांबवायचं कसं? रस्त्यालगत हुरडा केंद्र उभारायला सोपं, पैसाही लगेच; पण हंगाम संपला की कुलूप.

दुसरा मार्ग शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाचा. सकाळी गोवऱ्यांच्या आरावर गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळून फुंकर मारायची, लसणाच्या चटणीसोबत गरम दाणे तोंडात टाकायचे. शाळेतली पोरं पाहुण्यांना बारव दाखवतील, आजीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतील. जम बसायला वेळ लागेल, हे खरंय. आधी स्वच्छतागृहं बांधावी लागतील. तरी मी याच बाजूचा. ऊसतोडीवरून परतलेल्या घरालाही यात उन्हाळ्यात काम मिळू शकतं.