दुबई, सिंगापूर की लंडन? बडोद्यात बसून परदेशी कंपनी काढताना

भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर भाची. भाचीच्या फोनवर तीन एजंटांची तीन कोटेशन होती: दुबई, सिंगापूर, लंडन. ती सॉफ्टवेअरचं काम करते. बडोद्याच्या अलकापुरीतल्या दोन खोल्यांत पाच जण बसतात आणि तिचे दोन्ही मोठे ग्राहक अमेरिकेत आहेत. त्याच आठवड्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या मित्राचा मुलगा आला. त्यांच्याकडे ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनतात. माल ओमान, केनिया आणि टांझानियाला जातो. त्याच्याही हातात तेच तीन देश. "काका, तुम्ही दुबईत कंपनी काढली होती ना? मग सांगा, कुठे काढू?"

काढली होती, २०१९ मध्ये. चार वर्षं चालवली आणि बंद केली. तेव्हा माझ्या सल्ल्यात थोडा कडवटपणा असेल, तो वजा करून वाचा.

दोघांना मी आधी एकच विचारलं: तुमच्यापैकी तिकडे जाऊन राहणार कोण? भाची म्हणाली, "कोणीच नाही, मामा." मित्राचा मुलगा म्हणाला, धाकटा भाऊ तयार आहे. माझ्या दृष्टीने अर्धं उत्तर तिथेच मिळालं, कारण पुढचं सगळं याच्याभोवती फिरतं.

इकडचा कायदा बरोबर येतो

एजंट तिकडचं सगळं सांगतो, इकडचं सांगत नाही. "ए तो थई जशे" (ते होऊन जाईल) म्हणतो आणि आगाऊ रक्कम मागतो.

कंपनी कुठल्याही देशात काढा, तुम्ही बडोद्यात राहता तोवर फेमा, म्हणजे आपला परकीय चलनाचा कायदा, तुमच्याबरोबर आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आले. त्यांनुसार पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून त्या कंपनीसाठी यूआयएन क्रमांक घ्यावा लागतो. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यायचा. मग दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे त्या कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल. माझ्याकडून दोन वर्षांचे एपीआर राहिले होते. सीएला वाटलं मी भरतोय, मला वाटलं तो भरतोय. दर अहवालामागे ७,५०० रुपये उशिराचा दंड पडला. रक्कम मोठी नाही, पण तोवर बँकेने पुढचा एक रुपयाही बाहेर जाऊ दिला नाही, आणि तिकडे भाडं थकलं.

वैयक्तिक नावाने गुंतवणूक केलीत तर ती एलआरएसच्या (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेच्या) वर्षाला २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत मोजली जाते. वर्षभरात १० लाख रुपयांच्या पुढे जे पाठवाल, त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण मधले महिने पैसा अडकतो. शिवाय कंपनी तुमच्या ताब्यात असेल तर तिला पुढे उपकंपनी काढता येत नाही. तुमच्याकडे आधीच प्रायव्हेट लिमिटेड असेल तर गुंतवणूक तिच्याकडून करा. तिथे एलआरएस नाही, टीसीएस नाही, आणि मर्यादा निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत. मित्राच्या मुलाला हे कोणत्याच एजंटाने सांगितलं नव्हतं, कारण एजंटाला पासपोर्टची झेरॉक्स पुरते.

आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो. तो सोडला तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड बसू शकतो. आता २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट आहे, तरी तक्ता भरावा लागतोच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कंपनी सिंगापूरची, पण काम अलकापुरीत, करार अलकापुरीत ठरतात, कोड अलकापुरीत लिहिला जातो. मग तो नफा भारतात झाला असं आयकर खातं म्हणू शकतं. वर्षाची उलाढाल ५० कोटींपर्यंत असेल तर 'व्यवस्थापन भारतातून चालतं म्हणून कंपनीच भारतीय' हा नियम लागत नाही. पण इथे झालेल्या कामाच्या वाट्याचा नफा हा वेगळा मुद्दा आहे, आणि परदेशी कंपनीला इथला दर ३५ टक्के आहे, वर अधिभार. म्हणजे सिंगापूरच्या १७ टक्के कराच्या मोहाने गेलात तर उलट वाढीव भरण्याची वेळ यायची.

उघडणं सोपं कुठे

इंग्लंड. याबाबत वादच नाही. डायरेक्टरने तिथे राहण्याची अट नाही, एका पौंडाचं भांडवल चालतं, फी किरकोळ. मात्र पूर्वीसारखं पोस्टाच्या खोक्याचा पत्ता देऊन भागत नाही. मार्च २०२४ पासून खरा पत्ता लागतो, आणि नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरला ओळख पडताळून घ्यावी लागते.

सिंगापूर त्याखालोखाल, पण तिथे निदान एक डायरेक्टर स्थानिक रहिवासी हवाच. तुमचा तिथे कोणी नसेल तर भाड्याने घ्यावा लागतो. त्याला नॉमिनी म्हणतात. परदेशी माणसाला नोंदणीही स्वतः करता येत नाही, नोंदणीकृत संस्थेमार्फतच करावी लागते. जून २०२५ पासून नॉमिनी डायरेक्टरही अशा संस्थेनेच पारखून नेमायचा, असा कायदा लागू झाला. त्यामुळे पाचशे कंपन्यांवर एकच गृहस्थ डायरेक्टर, हा प्रकार अवघड झाला. सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी नेमायचा, त्याची फी वेगळी.

दुबईत फ्री झोन (वेगळ्या नियमांचं खास क्षेत्र) की मेनलँड (बाकीची दुबई), हे आधी ठरवावं लागतं. २०२१ पासून मेनलँडवरही बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी मिळते, त्यामुळे स्थानिक भागीदाराची जुनी कटकट संपली. माझं फ्री झोनचं लायसन्स नऊ दिवसांत आलं होतं. पेढे वाटले होते मी.

खातं उघडणं

पेढे लवकर वाटले. बँक खात्याला चार महिने लागले. तीन बँकांनी कागद घेतले, दोघींनी कारण न देता परत केले, तिसरीने विचारलं: तुमचं ऑफिस कुठे आहे? माझं ऑफिस म्हणजे फ्लेक्सी डेस्क, वर्षातून काही तास बसायची मुभा असलेली खुर्ची. बँकेला भाड्याचा करार, वीजबिल, स्थानिक ग्राहकांचे करार हवे होते.

म्हणून तीन देश शेजारी ठेवताना मी करापेक्षा आधी हे पाहतो. दुबईत राहण्याचा व्हिसा आणि एमिरेट्स आयडी असलेला माणूस असेल तर खातं उघडतं, मात्र खात्यात किमान शिल्लक ठेवायची तयारी हवी. मार्च २०२२ मध्ये काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने अमिरातीला ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे नजरेखालच्या देशांच्या यादीत, टाकलं तेव्हा बँका फार कडक झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव निघालं, पण लागलेली शिस्त राहिली. सिंगापूरच्या बँका धंद्याचं कारण विचारतात: सिंगापूरच का? 'कर कमी आहे' हे उत्तर चालत नाही. इंग्लंडमध्ये कंपनी एका दिवसात होते, पण बडोद्यात राहणाऱ्या डायरेक्टरला नेहमीची मोठी बँक दारात उभं करत नाही. मग ऑनलाइन खात्यांवर भिस्त, आणि ती खाती एखादा व्यवहार न पटल्यास आधी गोठतात, प्रश्न नंतर विचारतात.

बँकांना ग्राहकामागे जाणं कळतं. सयाजीराव महाराजांच्या काळात १९०८ मध्ये बडोद्यात निघालेल्या बँक ऑफ बडोदाने परदेशातल्या पहिल्या शाखा १९५३ मध्ये मोम्बासा आणि कंपाला इथे उघडल्या. तेव्हा बँकांचं शहर झुरिक नव्हतं का? होतं. पण पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापारी होते.

कर

दुबईत 'कर शून्य' हे वाक्य अजून ऐकू येतं. जून २०२३ पासून ते खरं नाही. ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यापुढे ९ टक्के. फ्री झोनमध्ये शून्य दर आहे, पण ठरावीक प्रकारच्या उत्पन्नालाच, आणि ऑडिट केलेल्या ताळेबंदानेच. परदेशी ग्राहकांना दिलेल्या सॉफ्टवेअरसारख्या बहुतेक सेवा त्यात बसत नाहीत. ३० लाख दिरहमपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्यांना वेगळी सवलत आहे, ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या वर्षांपुरतीच. कर शून्य असला तरी नोंदणी सक्तीची, उशीर झाला तर १०,००० दिरहम. पाच टक्के व्हॅटची नोंदणीमर्यादाही ३,७५,००० दिरहमच आहे, पण ती उलाढालीवर. आकडा तोच, कर वेगळे. भाचीच्या एजंटानेही यात गल्लत केली होती.

सिंगापूरचा दर १७ टक्के. नव्या कंपनीला पहिली तीन वर्षं पहिल्या एक लाख सिंगापूर डॉलरच्या नफ्यातले ७५ टक्के आणि पुढच्या लाखातले ५० टक्के माफ. हे पत्रकात ठळक छापतात. माफीसाठी कंपनी तिथली कर-रहिवासी हवी, म्हणजे निर्णय तिथे व्हायला हवेत, हे छापत नाहीत. नॉमिनी डायरेक्टर सही करतो आणि निर्णय अलकापुरीत होतात, तर माफी धरू नका.

इंग्लंडमध्ये ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के, अडीच लाखांपुढे २५, मधल्यांना मधला. तिथे गोदामात माल ठेवून विकायचा विचार असेल तर सांभाळा: ९०,००० पौंडांची व्हॅटमर्यादा तिथे प्रत्यक्ष बस्तान असलेल्यांना आहे. तुमचं तिथे काहीच नसेल तर पहिल्या विक्रीपासून नोंदणी.

दुसरं वर्ष

कोटेशन नेहमी पहिल्या वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षाचं मागा, तेही लेखी.

माझं दुबईतलं दुसरं वर्ष जवळपास पहिल्याइतकंच महाग होतं: लायसन्सचं नूतनीकरण, डेस्कचं भाडं, हिशेबनीसाची फी. व्हिसा टिकवायचा तर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहायचं नाही, म्हणजे अहमदाबादहून विमानाचं तिकीट काढून नुसता शिक्का मारायला जायचं. एकदा मी सकाळी पोचून रात्री परत निघालो. सिंगापुरात नॉमिनी, सेक्रेटरी आणि पत्ता अशी तीन बिलं दरवर्षी येतात, धंदा झाला वा न झाला. इंग्लंड इथे स्वस्त, पण विसरभोळ्यांसाठी नाही. ताळेबंद एक दिवस उशिरा गेला तरी १५० पौंड, सहा महिन्यांच्या पुढे १,५००.

बंद करायचा खर्चही आजच विचारा. मला बंद करायला लायसन्स मिळवण्याच्या दसपट दिवस लागले. व्हिसा रद्द, खातं बंद, लिक्विडेटरचं (कंपनी गुंडाळून देणाऱ्याचं) पत्र, मग इकडे बँकेत पुन्हा फॉर्म, आणि उरलेले पैसे ९० दिवसांत भारतात आणायचे.

एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी (परदेशी माणसाला मिळणारी डिजिटल ओळख), २०१४ पासूनची, भाचीने मध्येच काढली. घरबसल्या कंपनी निघते, नफा कंपनीत ठेवला तर कर नाही, वाटला की लागतो. युरोपात ग्राहक असतील तर विचार करावा. तिचे नाहीत, म्हणून विषय तिथेच संपला. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीचंही तेच. फेमाच्या लेखी ते परदेशासारखं, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, पण मुख्यतः वित्तीय धंद्यांसाठी.

दोघांचं काय ठरलं

भाचीला विचारलं, कंपनी हवी कशाला? तर अमेरिकी ग्राहकाचा खरेदी विभाग भारतीय पुरवठादाराची नोंद करायला वेळ लावतो, एवढंच. मग तिन्ही कोटेशन चुकीच्या देशांची होती. गरज पडलीच तर अमेरिकेतलं डेलावेअर राज्य, आणि तिथलीही गंमत माहीत हवी. एलएलसीला (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला) वर्षाला ३०० डॉलर राज्याला द्यायचे, १ जूनपर्यंत. एकट्या परदेशी मालकाने नुसतं भांडवल घातलं तरी अमेरिकी कर खात्याचा फॉर्म ५४७२ लागतो, चुकला तर दंड २५,००० डॉलर. कंपनी स्वस्त, विसरणं महाग. तूर्त तिने एलयूटीवर (निर्यातीवर जीएसटी न भरण्यासाठी द्यायच्या हमीपत्रावर) इथूनच बिलं पाठवत राहायचं आणि खरेदी विभागाला चार ईमेल जास्त लिहायचे, असं माझं मत. तिला ते फारसं आवडलं नाही. गुंतवणूकदार येतील तेव्हा पाहू, म्हणाली.

मित्राच्या मुलाला मी दुबई सांगितली, पण तो म्हणत होता तशी नाही. माल मुंद्र्याहून थेट मोम्बासाला आणि बिल तेवढं दुबईमार्गे, असा त्याचा बेत होता. आपल्याच दोन कंपन्यांमधला भाव बाजारभावाप्रमाणे होता हे आयकर खात्याला दाखवता आलं पाहिजे. मधली कंपनी कागदापुरती असेल तर ते दाखवता येत नाही. दुबईच्या जेबेल अली बंदरात खरंच माल ठेवा, ओमानच्या ग्राहकाला आठवड्यात सुटा भाग मिळू द्या, धाकट्या भावाला तिथे बसवा, गुंतवणूक प्रायव्हेट लिमिटेडकडून करा. मग मधल्या नफ्याला अर्थ आहे, बँक खात्यालाही.

जाताना त्याने विचारलं, "काका, तुमचा तो एजंट अजून आहे का? नंबर देता?"

नंबर दिला नाही. सीएचा दिला. दुसरा सीए.