लहान मुलांच्या फोटोंसाठी घरातला सीझनपुरता स्टुडिओ: किटमधलं काय ठेवायचं, काय बदलायचं

ऑनलाइन जे होम स्टुडिओ किट मिळतं ना, एकाच बॅगेत बॅकड्रॉप (मागचा पडदा) टांगायचा स्टँड, दोन छोटे सॉफ्टबॉक्स (बल्बवर लावायची, पुढे पांढरं कापड असलेली पेटी, प्रकाश मऊ करायला), दोन लाइट स्टँड, क्लॅम्प आणि पांढरा-काळा-हिरवा असे तीन कपडे, त्याचा हा रिव्ह्यू. सीझन आला की हॉलमधलं फर्निचर सरकवून मांडायचं आणि संपला की गुंडाळून ठेवायचं, असा माझा वापर, आणि समोर बहुतेक वेळा एक ते चार वर्षांची मुलं. माझं मत आधीच सांगते, स्टँड कामाचा आहे पण त्याला वजन बांधावं लागतं, कपडे चालवून घेता येतात, लाइट मात्र चालत्या-पळत्या मुलांसाठी नाहीतच.

कारण असं की साधारण ५० बाय ७० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स माणूस एका जागी बसणार असं धरूनच वापरला जातो. एवढा छोटा लाइट मऊ दिसायला हवा तर तो जवळ आणावा लागतो, समजा एक मीटरवर, आणि दीड वर्षाचं पोर तिथून अर्धा मीटर मागे सरकलं की त्याच्यावर पडणारा प्रकाश निम्म्याहून कमी होतो, म्हणजे एक स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक, एक फोटो बरोबर आणि पुढचा काळोखा. तेच लाइट दोन मीटरवर असेल तर अर्धा मीटर मागे जाऊनही जवळपास दोन तृतीयांश प्रकाश शिल्लक राहतो. म्हणजे मुलांसाठी लाइट लांब पाहिजे, पण लांबचा छोटा लाइट सावल्या कडक पाडतो, म्हणून लांब आणि मोठा पाहिजे. मुलाला खुणेच्या पट्टीवर उभं करत बसण्यापेक्षा सगळी जमीनच सारखी उजळून टाका आणि त्याला तिथे हवं ते करू द्या, माझ्या मते लहान मुलांच्या स्टुडिओचं सगळं गणित एवढंच आहे.

म्हणून मी किटमधले सॉफ्टबॉक्स बाजूला ठेवून दीड मीटरची पांढरी आरपार छत्री (मागे लावलेल्या लाइटचा प्रकाश तिच्या कापडातून गाळून येतो) घेतली आणि सगळ्या सामानात मला तीच सगळ्यात आवडते. उघडायला काही सेकंद, मिटली की दाराच्या मागे उभी राहते, प्रकाश मोठा आणि मऊ. एक तोटा मात्र खरा आहे, प्रकाश चहूकडे सांडतो आणि खोलीच्या भिंती पिवळ्या किंवा हिरव्या असतील तर तो रंग थेट गालावर येतो, मग एडिटिंगमध्ये कितीही व्हाइट बॅलन्स (फोटोतला रंगाचा तोल) हलवा, एक गाल बरा आणि एक आजारी दिसतो. भिंती रंगीत असतील तर त्या बाजूला पांढरी चादर टांगा किंवा छत्रीऐवजी मोठा सॉफ्टबॉक्स घ्या, तो प्रकाश ताब्यात ठेवतो.

आता छत्रीमागे काय लावायचं, फ्लॅश की सतत चालू राहणारा एलईडी. एलईडीत प्रकाश कसा पडतोय ते डोळ्यांना दिसतं, व्हिडिओ पण होतो, मूल दचकत नाही. पण पळणारं मूल शार्प हवं तर शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवून चालत नाही आणि किटमधल्या बल्बवर मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, जास्त वाढवली की फोटो दाणेदार) १६०० - ३२०० च्या पुढे जातो. त्यात स्वस्त एलईडी बल्ब असतील तर ते आपल्या डोळ्यांना कळणार नाही असे लुकलुकतात आणि फास्ट शटरला एका फोटोत पट्टे, दुसऱ्यात वेगळाच रंग. एलईडी घ्यायचाच असेल तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, कमाल १००) ९५ च्या पुढचा घ्या, नाहीतर त्वचेत हिरवट झाक येते. मी साधा कॅमेऱ्यावर बसतो तोच फ्लॅश छत्रीत लावते, कमी पॉवरवर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ असतो, उडी मारलेलं मूल हवेत गोठतं. फक्त शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात वेगवान शटर) आत ठेवायचं, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते १/२०० च्या आसपास असतं.

अगदी तान्ह्या बाळासाठी मात्र यातलं काहीच लावू नका, थेट ऊन न येणारी मोठी खिडकी आणि समोरून एक पांढरा रिफ्लेक्टर (प्रकाश परत टाकणारा पांढरा बोर्ड), झालं.

स्टँडबद्दल. उंची-रुंदी पुरेशी असते, आडवा बार तीन-चार तुकडे जोडून होतो म्हणून जड विनाइल (प्लास्टिकचा बॅकड्रॉप) टांगलं की मधे झोळ पडतो. माझ्या स्टँडची प्लास्टिकची घट्ट करायची नॉब तडकली आणि विकणाऱ्यांनी मेलला उत्तरही दिलं नाही, तर आल्याआल्या सगळ्या नॉब तपासून घ्या. आणि वजन! मूल कापड ओढणारच, रांगणारं असेल तर हमखास, त्यामुळे प्रत्येक स्टँडच्या पायावर चार-पाच किलोची सँडबॅग (वाळू भरलेली पिशवी) हवीच, छत्रीच्या स्टँडवर तर आधी. सँडबॅग किटमध्ये क्वचितच देतात याचा मला खरंच राग येतो, मुलांच्या फोटोसाठी म्हणून विकता तर ती त्यातली पहिली वस्तू असायला पाहिजे.

बॅकड्रॉपमध्ये छापील सीन, बर्फाचं जंगल वगैरे, मला पटत नाहीत, मूल चित्रासमोर उभं केल्यासारखं दिसतं आणि विनाइलवर लाइट चमकतो. किटमधल्या कापडाला घडीच्या सुरकुत्या असतात, स्टीमर फिरवा आणि मुलाला कापडापासून मीटर-दीड मीटर पुढे बसवा, मागचं आपोआप धूसर होतं. सगळ्यात छान कागदाचा रोल, मळला की खालचं टोक कापून टाकायचं. १.३५ मीटर रुंदीचा बसणाऱ्या बाळाला पुरतो, चालणारं मूल दोन पावलांत त्याच्या बाहेर, त्याला २.७२ मीटरचाच. एक क्रीम, एक राखाडी, एक गडद हिरवा एवढ्यात वर्षभराचे सगळे सीझन निघतात, सीझन दाखवायला लोकरीची शाल, सुकी पानं, एक लाकडी स्टूल पुरे.

सजावटीत एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करत नाही, बटण सेलवर चालणाऱ्या लाइटच्या माळा आणि खोट्या मेणबत्त्या. तो सेल गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका गंभीर भाजू शकते, त्यामुळे ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते सेटवर येत नाही. मणी, कापसाचा बर्फ, छोटे गोळे तीन वर्षांच्या आतल्या मुलांजवळ नकोत. वायरी भिंतीला चिकटवून टाका.

आवरताना विनाइल घडी करू नका, गुंडाळा, घडीची रेघ पुढे जात नाही. कागदाचा रोल उभा ठेवा, आडवा ठेवला की मधून वाकतो. आणि फ्लॅशमधून सेल काढून ठेवा, पुढच्या सीझनपर्यंत ते आत गळले तर फ्लॅशच जातो.