ड्रॅगन फ्रूट: एक सीझन खाल्ल्यानंतर, सालीच्या हिशोबासकट

घरपोच भाजी आणणाऱ्या ॲपच्या कस्टमर केअरशी परवा वाद झाला, म्हणून हे लिहायला बसले. नग नव्वद रुपयांना. घरी काट्यावर ठेवला, ४२० ग्रॅम. सोलला, तर १३० ग्रॅम नुसती साल! म्हणजे जवळजवळ २८ रुपये थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यात. तक्रार केली तर उत्तर आलं, "फळ सालीसकटच मोजतात, मॅम." नवरा म्हणाला, केळ्याचीही साल तेवढीच असते. असेल, पण केळं पाच-सहा रुपयांना येतं, तिथे कोण काटा काढतो?

जूनपासून आमच्याकडे हे फळ येतंय ते सासूबाईंसाठी. पोट साफ होत नाही, आणि डॉक्टर म्हणाले फायबर वाढवा. त्यात पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढतात म्हणून दादरला याचा भाव चढतो. त्या नादाला लागू नका. हे खाऊन प्लेटलेट वाढतात याला काही भरवशाचा आधार नाही. डेंग्यूत पाणी-पेज पोटात जाणं आणि डॉक्टरांची नजर असणं महत्त्वाचं.

दुसरी फुशारकी 'क' जीवनसत्त्वाची. १०० ग्रॅम गरात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पेरूत तेवढ्याच वजनाला २०० च्या घरात! वर पेरूची साल खाता येते, फेकायला काही उरतच नाही. उष्मांक १०० ग्रॅमला ५०-६०, थोडं मॅग्नेशियम, फायबर साधारण ३ ग्रॅम. फायबरमध्येही पेरूच पुढे. त्यामुळे जुलैपर्यंत माझं मत स्पष्ट होतं: महागडं, फिक्क्या चवीचं, फोटोपुरतं फळ.

मग मत थोडं हललं. सासूबाईंना कवळी आहे. पेरूची एक बी कवळीखाली गेली की त्यांची दुपार वाया. याच्या काळ्या बिया मऊ, चमच्याने गराबरोबर सहज उतरतात. रोज अर्धं फळ आणि भरपूर पाणी सुरू केल्यावर इसबगोलाचा डबा मागे पडला. फायबर, गरातलं पाणी आणि आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खाद्य होणाऱ्या काही शर्करा, या सगळ्याचा तो परिणाम असावा. बियांत चांगली स्निग्धाम्लं असतात म्हणतात, ते खरं आहे. पण न चावलेली बी आत जाते तशीच बाहेर येते, तेव्हा त्याचे वेगळे पैसे मोजू नका.

मधुमेह असलेल्यांनी 'गोड नाही म्हणजे साखर नाही' असं समजू नये. १०० ग्रॅममध्ये ८-१० ग्रॅम साखर असू शकते. अर्धं फळ ठीक, मध आणि दूध घालून केलेलं स्मूदी नको.

लाल गराचं घ्यायचं की पांढऱ्या? लाल गरात बीटात असतात त्याच जातीचे रंग असतात, ते अँटिऑक्सिडंट म्हणून गणले जातात. बाकी पोषणात फार फरक नाही. गोडीला मला लाल उजवं वाटलं. फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवा. नणंदेकडे दिलं तर सकाळी सात वाजता फोन, "वहिनी, ह्यांना लघवीतून रक्त जातंय!" रंगच तो, एक-दोन दिवसांत जातो. न गेला किंवा हे फळ खाल्लेलंच नसेल, तर मात्र डॉक्टर गाठा. बाहेरून दोन्ही गुलाबीच दिसतात, त्यामुळे "ताई, गॅरंटीने लाल" याला अर्थ नाही. एक कापून दाखवायला सांगा, दादरचे काही फळवाले दाखवतात.

हे झाडावरून काढल्यावर आंब्यासारखं पिकत नाही. तांदळात पुरून, कागदात गुंडाळून गोडी वाढणार नाही. अंगभर रंग आलेलं, खवल्यांची टोकं जरा सुकलेली, दाबलं तर किंचित दबणारं घ्या. टोकं हिरवीगार असली तर ते लवकर तोडलेलं असू शकतं. माझ्याकडे आलेली बेचव फळं बहुतेक तशीच होती, आणि त्यांची साल जाडही असते असा माझा काट्यावरचा अनुभव. साल किसून चहात घाला वगैरे व्हिडिओ पाहिले. करून पाहिलं, रंग सुरेख, चव गवताची. आता कुंडीत टाकते.

मोसमात सांगली-सोलापूरकडचा माल येतो तेव्हा घ्या. कमी पाण्यावर येणारं निवडुंगाच्याच कुळातलं झाड, दुष्काळी पट्ट्यात चांगलं रुजलंय. सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं फळ २०२१ मध्ये दुबईलाही गेलं. ऑगस्ट-सप्टेंबरला दादरला किलोवर मिळतं आणि नगापेक्षा बरंच स्वस्त पडतं. ॲपवर नगाने घेणं मी बंद केलं आहे.

नोव्हेंबरनंतर परदेशी माल आणि दुप्पट भाव. तेव्हा पपई हा सरळ उपाय: मऊ, स्वस्त, 'क' जीवनसत्त्वही कितीतरी जास्त. पण सासूबाईंना तिचा वास चालत नाही, त्यामुळे डिसेंबरात इसबगोल परत काढावं लागेल असं दिसतंय.