जुना अभ्यासक्रम, नवी तुकडी : मूडलमधील ‘रिस्टोअर’ सोयीचे परीक्षण

इयत्ता नववीच्या विज्ञानासाठी २०२४-२५ मध्ये मूडलवर तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम मी जून २०२५ मध्ये नव्या तुकडीसाठी पुन्हा वापरला. मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्यासाठीची, २००२ पासून उपलब्ध असलेली मुक्तस्रोत प्रणाली आहे. हे परीक्षण मात्र तिच्यातील जुने साहित्य नव्या वर्षात नेण्याच्या सोयीपुरतेच आहे.

यासाठीचा ‘रीसेट’ हा मार्ग सर्वांत झटपट असला तरी मला तो पसंत नाही. त्यात अभ्यासक्रम तोच राहतो आणि निवडल्याप्रमाणे विद्यार्थ्यांच्या नोंदी, गृहपाठ व चाचण्यांची उत्तरे पुसली जातात. ही कृती मागे घेता येत नाही. गतवर्षीची मुले प्रकाशाच्या परावर्तनात नेमकी कोठे चुकली, हे नवा धडा शिकवण्यापूर्वी पाहणाऱ्या शिक्षकाने त्या वाटेस जाऊ नये.

त्यापेक्षा विद्यार्थ्यांची माहिती वगळून अभ्यासक्रमाचा बॅकअप, म्हणजे जतन केलेली प्रत घ्यावी आणि ती कोऱ्या अभ्यासक्रमात रिस्टोअर करावी, म्हणजे उतरवून घ्यावी. धडे, गृहपाठ, चाचण्या आणि गुणपत्रकाची मांडणी व्यवस्थित उतरते. एका जरी विद्यार्थ्याने चाचणी सोडवली, तरी तिच्यात प्रश्न घालता वा काढता येत नाहीत. नव्या प्रतीत ही अडचण उरत नसल्याने फसलेले प्रश्न बदलण्यास हीच वेळ योग्य ठरते. तीच पीडीएफ दोन्ही अभ्यासक्रमांत असली, तरी मूडल ती सर्व्हरवर एकदाच साठवते, त्यामुळे जागेची चिंता नाही. नवा अभ्यासक्रम उघडण्याचा अधिकार शिक्षकाच्या खात्याला सहसा नसतो, तेव्हा प्रशासकाला आधी गाठावे लागते.

खरा कस लागतो तो तारखांचा. अभ्यासक्रमाच्या आरंभाची नवी तारीख दिली की सर्व मुदती तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकतात. नवी तारीख सरळ एक वर्ष पुढची दिली, तर वार बदलतो आणि शनिवारची मुदत रविवारी जाते. म्हणून मी सोमवार, १७ जून २०२४ ऐवजी सोमवार, १६ जून २०२५ ही तारीख दिली. अंतर ३६४ दिवसांचे, म्हणजे पूर्ण ५२ आठवड्यांचे असल्याने वार जागच्या जागी राहिले.

सण मात्र राहिले नाहीत. २८ ऑगस्ट २०२४ ची प्रयोगवहीची मुदत २७ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे ऐन गणेश चतुर्थीला आली, आणि २२ ऑक्टोबरची सत्र चाचणी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. प्रणालीला यासाठी दोष देता येणार नाही, कारण तिला पंचांग ठाऊक नाही. परंतु सर्व तारखा एकाच पडद्यावर बदलण्याची सोय मूळ मूडलमध्ये नसून त्यासाठी वेगळे प्लगइन (जोडून घ्यायची पूरक आज्ञावली) बसवावे लागते, ही उणीव मला मोठी वाटते. आमच्याकडे ते नसल्याने मी प्रत्येक गृहपाठ स्वतंत्रपणे उघडून तारखा दुरुस्त केल्या आणि त्यात एक अख्खी दुपार गेली. यूट्यूबचे दुवेही आपणच तपासावे लागतात. काढून टाकलेल्या चित्रफितीचा दुवा जसाच्या तसा नव्या अभ्यासक्रमात येतो.

एवढे करूनही शून्यापासून मांडणी करण्यापेक्षा हे काम कितीतरी हलके आहे, म्हणून पाचपैकी चार गुण देण्यास मला संकोच नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा प्रयोगवहीची मुदत पुन्हा ऑगस्टअखेर ठेवता येईल.